छातीतलं पाणी पोटातून येतं: लिव्हरच्या रुग्णाला नळी का नको, आणि मग काय करायचं

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराच्या मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ६१ वर्षांचे. दारूला कधी हात लावलेला नाही, पण मधुमेह जुना, आणि दोन वर्षांपूर्वी लिव्हर सिरोसिसचं निदान झालं. पोटात पाणी आहे, पायांवर सूज आहे. गेल्या दोन महिन्यांत उजव्या छातीत तीनदा पाणी भरलं आणि तीनदा सुईने काढलं. पहिल्यांदा महिनाभर बरं गेलं, दुसऱ्यांदा १८ दिवस, आणि आता १२ दिवसांतच पुन्हा दम लागतोय. वडील म्हणतात, “माका आडवा पडाक जमना नाय, एकदाची नळी घाला नि काय ता पाणी काढून टाका.” नातेवाईकांचंही तेच म्हणणं. तालुक्याचे डॉक्टर मात्र नळी घालायला तयार नाहीत, मुंबईला दाखवा म्हणतात. मुलगा मुंबईत नोकरीला, घरी आई एकटी. त्याला तीन गोष्टींचं उत्तर हवंय: नळी का नको, मग करायचं काय, आणि वडिलांचा स्वतःचा प्रश्न, की कलमांना मोहोर येईल तेव्हा बागेत जाता येईल का.

मी सिंधुदुर्गात फिजिशियन म्हणून २२ वर्षं काम करते. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषधांचे डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण एक गोष्ट आत्ताच सांगते. तुमच्या डॉक्टरांनी नळीला नकार दिला तो घाबरून किंवा जबाबदारी टाळायला दिलेला नाही. त्यांनी तुमच्या वडिलांचा जीव सांभाळलाय.

कारण हे पाणी फुप्फुसाच्या आजाराचं नाहीच. ते पोटातलं पाणी आहे.

तुम्ही देवगडचे, म्हणजे खाडीकाठचं खाजण तुम्हाला सांगायला नको. बंधारा वरून धडधाकट दिसतो, पण आतून कुर्ल्यांनी बिळं केलेली असतात. भरती आली की खारं पाणी त्या बिळांतून शेतात येतं. आता शेताच्या मधोमध पंप लावून दिवसभर पाणी उपसलंत, तरी खाडी काही रिकामी होत नाही. तुमच्या वडिलांच्या शरीरात पोट ही खाडी, छातीची उजवी बाजू हे शेत, आणि छाती-पोटाच्या मधला श्वासपटलाचा पडदा हा बंधारा. त्या पडद्यात, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, बारीक छिद्रं असतात, साधारणपणे एक सेंटिमीटरपेक्षाही लहान. एरवी ती निरुपद्रवी. पण पोटात पाण्याचा दाब वाढला की ती उघडतात. आणि प्रत्येक श्वासाला छातीत ओढ तयार होते, पोटात दाब असतो, त्यामुळे पाणी खालून वर जातं, वरून खाली परत येत नाही. म्हणजे इथे भरती दिवसातून दोनदा नाही, प्रत्येक श्वासाबरोबर येते.

म्हणूनच हे पाणी दहापैकी आठ-साडेआठ जणांत उजव्या बाजूला असतं. डावीकडचा पडदा जास्त स्नायूंचा आणि जाड असतो. म्हणूनच काही रुग्णांच्या पोटात सोनोग्राफीलाही पाणी दिसत नाही आणि छाती मात्र भरलेली असते, कारण पोटात तयार झालेलं सगळं वर ओढलं जातं. पोट पाच-सहा लिटर पाणी बरेच दिवस सहन करतं. छातीत मात्र दीड-दोन लिटर झालं की माणूस उशीला टेकून रात्र काढायला लागतो.

पोटात पाणी होतंच का, हेही दोन वाक्यांत समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर बेतलेले आहेत. सिरोसिसमध्ये लिव्हर कडक होतं, आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला त्यातून वाट मिळत नाही आणि त्या शिरांतला दाब वाढतो. पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, मूत्रपिंडांना वाटतं शरीरात रक्तच कमी आहे, आणि ती मीठ धरून ठेवायला लागतात. मिठामागे पाणी येतं.

आता नळीबद्दल. न्यूमोनियानंतर छातीत पू झाला तर नळी घालतात, अपघातात छातीत रक्त साठलं तर घालतात, आणि ते योग्यच आहे. गावात कुणाचा तरी जीव तिने वाचलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे तुमच्या नातेवाईकांचा आग्रह मी समजू शकते. पण लिव्हरच्या पाण्यात नळी घातली की ती रोज लिटर-दोन लिटर काढत राहते आणि पोट ते भरून देत राहतं. त्या पाण्याबरोबर अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) जातं, क्षार जातात, जंतूंशी लढणारी प्रथिनं जातात. रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडं मंदावतात, नळीच्या वाटेने जंतू आत शिरतात. आणि ती काढायलाही जमत नाही, कारण पाणी थांबतच नाही. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही या रुग्णांना छातीची नळी घालू नका असंच लिहिलेलं आहे.

मी हे पुस्तकातून शिकले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. शिकाऊ डॉक्टर असताना एका रुग्णालयात रात्रपाळीला असाच एक रुग्ण आला, छाती पांढरी झालेला एक्स-रे घेऊन. मी नळी घातली. पहाटेपर्यंत त्याला इतकं मोकळं वाटलं की त्याच्या बायकोने माझे हात धरले. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, पाचव्या दिवशी तो बरळायला लागला, दहाव्या दिवशी गेला. नळीतून तेव्हाही पाणी येतच होतं. तुमच्या डॉक्टरांचा नकार मला का पटतो, ते यावरून समजा.

मग सुईने पाणी काढणं वेगळं कसं? सुई घालायची, दम कमी होण्यापुरतं काढायचं आणि बाहेर यायचं. आत काही ठेवायचं नाही. सोनोग्राफीखाली जागा ठरवून, रुग्णाला टेबलावर पुढे झुकवून बसवून, पाठीकडून बरगडीच्या वरच्या कडेने. एका वेळी दीड लिटर, फार तर दोन. त्याहून जास्त घाईने काढलं तर दबलेलं फुप्फुस अचानक फुलतं आणि त्यातच पाणी उतरू शकतं. मध्येच जोराचा खोकला किंवा छातीत आवळल्यासारखं झालं की थांबायचं. “सगळं का काढलं नाहीत?” म्हणून घरचे डॉक्टरांवर रागावतात. आत थोडं राहिलं तर चालतं.

रक्त पातळ आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) वाढलेला आहे, म्हणून आधी प्लाझ्माच्या (रक्तातल्या पातळ द्रवाच्या) पिशव्या लावायला हव्यात असंही तुम्हाला कुणी सांगेल. सिरोसिसमध्ये आयएनआरचा आकडा रक्तस्रावाचा धोका नीट दाखवत नाही. अनुभवी हाताने सोनोग्राफीखाली केलेल्या या प्रक्रियेसाठी नुसता तो आकडा सुधारायला प्लाझ्मा देण्याची सहसा गरज नसते, उलट शरीरात पाणीच वाढतं. दम लागलेल्या माणसाला त्यासाठी ताटकळत ठेवू नये.

आणखी एक गोष्ट बऱ्याचदा उलटी केली जाते. पोट ताठ भरलेलं असेल तर आधी, किंवा निदान सोबत, पोट रिकामं करा. खाडी उतरली की बिळांतून येणारं पाणी आपोआप कमी होतं. नुसती छाती उपसली तर ती लवकर भरते. पोटातून पाच लिटरच्या वर काढलं तर काढलेल्या दर लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं लागतं. २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे पाच लिटरला दोन बाटल्या. ती बाटली महाग असते, पण तिथे काटकसर करू नका. मूत्रपिंडं तिच्यावर टिकतात.

काढलेलं पाणी तपासलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. निदान पहिल्या वेळी तपासायलाच हवं, आणि ताप, पोटदुखी, गुंगी असं नवं काही असेल तर प्रत्येक वेळी. सिरोसिस असलेल्या माणसाच्या छातीतलं सगळंच पाणी लिव्हरचं असतं असं नाही. आपल्याकडे टीबी आहे, मधुमेहींना हृदयाचा त्रास आहे. लिव्हरच्या पाण्यात प्रथिनं कमी असतात, साधारण डेसिलिटरमागे अडीच ग्रॅमच्या आत, आणि रक्तातलं अल्ब्युमिन त्या पाण्यातल्या अल्ब्युमिनपेक्षा १.१ ग्रॅमहून जास्त असतं. टीबीच्या पाण्यात प्रथिनं भरपूर, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त, एडीए हे टीबीत वाढणारं द्रव्य वाढलेलं. पाणी फक्त डावीकडे असेल, लालसर असेल किंवा पोटात काहीच नसताना छाती भरत असेल, तर मी लिव्हरवर खापर फोडण्याआधी दुसरं कारण शोधते. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एकदा करून घ्याच. पाणी काढल्यावर एक एक्स-रे घेतला म्हणजे त्याखाली झाकलेलं फुप्फुस दिसतं.

पाण्यातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा स्वतः वाचा. न्यूट्रोफिल पेशी दर घनमिलिमीटरला ५०० च्या वर, किंवा २५० च्या वर आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) जंतू, आणि न्यूमोनिया नाही, तर त्या पाण्याला जंतुसंसर्ग झालाय. पोटातलं पाणी स्वच्छ असूनही हे होऊ शकतं, म्हणून पोटाचा रिपोर्ट बरा आला यावर समाधान मानू नये. कल्चरचं पाणी खाटेजवळच कल्चरच्या बाटलीत भरलं तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे नमुना साध्या नळीतून कुरिअरने दुसऱ्या गावच्या लॅबला जातो आणि अहवाल “जंतू नाहीत” असा येतो. इलाज शिरेतून प्रतिजैविकं, सोबत बहुतेक वेळा अल्ब्युमिन. यातही नळी नको. स्पष्ट पू असेल तरच तिचा विचार होतो. घरी ओळखायची लक्षणं सांगते, आईलाही सांगा: ताप किंवा थंडी, पोटदुखी, लघवी कमी होणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, काळी शौचास किंवा रक्ताची उलटी. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन.

आता मीठ, कारण आपल्या किनाऱ्यावर खरी लढाई स्वयंपाकघरात आहे. दिवसाला सोडियम २ ग्रॅम, म्हणजे मीठ ५ ग्रॅम, सपाट चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. “आम्ही वरून मीठ घेत नाही” असं जवळजवळ प्रत्येक घर सांगतं. मग मी विचारते, पेजेबरोबर काय घेता? खारातली कैरी, लोणचं, भाजलेला खारा बांगडा, पापड. आमटीला आमसूल मिठातलं, सोलकढीचं आगळ मिठातलं. वाटीभर सोलकढी आणि खाऱ्या माशाचा एक तुकडा यांत दिवसाचं मीठ संपून जाऊ शकतं. ताजी मासळी मात्र चालते, उलट हवीच. बांगडा असो, पेडवे असोत, कमी मिठाच्या तिखल्यात घाला, आंबटपणाला कोकमाऐवजी लिंबू किंवा ताजी कैरी. सैंधव हेही मीठच. आणि बाजारात मिळणारं “लो सोडियम” मीठ घेऊ नका: त्यात पोटॅशियम असतं, आणि या आजारात पाणी उतरवायला देतात त्या गोळ्यांतली एकही (पुढे सांगते) पोटॅशियम वाढवते. त्याच कारणाने रोजचं शहाळं बंद ठेवा. गावात आजाऱ्याला पहिलं शहाळंच देतात, प्रेमाने देतात, पण मूत्रपिंडं नाजूक असताना पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

पाणी पिण्यावर मात्र उगाच बंधन घालू नका. रक्तातलं सोडियम १२५ च्या खाली गेलं तरच ते लागतं. तहानलेल्या माणसाला मोजून घोट देणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्याच ताटात लोणचं होतं.

उपासही नकोत. लिव्हर खराब झालं की शरीर रात्रभराच्या उपवासात स्वतःचे स्नायू खायला लागतं. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, सूज धरून आलेल्या वजनामागे नाही, मूळ वजनामागे. मासे, अंडी, कुळथाची पिठी, मूग, दही. लिव्हरमुळे गुंगी येते म्हणून प्रथिनं तोडायचा सल्ला जुना झाला; तसं करू नका. आणि झोपण्यापूर्वी काहीतरी पोटात जायला हवं: घावणा, नाचणीची भाकरी आणि दूध, काहीही, साखरेचा हिशेब धरून. श्रावणातले सोमवार आणि चतुर्थी यावर्षी आईने त्यांच्या वाटणीच्या धराव्यात.

कोकणात राहणाऱ्या प्रत्येक सिरोसिसच्या रुग्णाला मी एक इशारा देते. कालवं, तिसऱ्या, शिनाणे पूर्ण शिजल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत, आणि पायाला जखम असताना खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात उतरायचं नाही. उबदार खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो. धडधाकट माणसाला त्याचा सहसा फारसा त्रास होत नाही, पण लिव्हर खराब असलेल्याच्या रक्तात तो शिरला तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो.

गोळ्यांकडे येते. लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवते ती हीच) आणि फ्युरोसेमाइड ही जोडी, साधारण १०० आणि ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून त्याच प्रमाणात हळूहळू वाढवतात. कमाल ४०० आणि १६०, पण तिथपर्यंत फार थोडे रुग्ण सहन करतात. रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन. पायाला सूज असेल तर दिवसाला एक किलोपर्यंत उतरलेलं चालतं, सूज नसेल तर अर्ध्या किलोच्या आत. त्याहून वेगाने उतरलं तर मूत्रपिंडं कोरडी पडतात. डोस बदलला की आठवड्याभरात रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं मंदावली की वाढतं ते), सोडियम, पोटॅशियम तपासा. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांच्या छातीत गाठ येऊन दुखू शकतं. लाजेपोटी वडील ते सांगणार नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतील. तुम्हीच विचारा, त्याला पर्याय आहेत.

त्यांची सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. मधुमेहींना रक्तदाबासाठी किंवा मूत्रपिंडांसाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांच्या जातीची गोळी अनेकदा वर्षानुवर्षं चालू असते. पोटात पाणी झाल्यावर ती सहसा बंद करावी लागते. साखरेच्या गोळ्यांचाही फेरविचार हवा, या टप्प्यावर अनेकांना इन्सुलिन जास्त सुरक्षित पडतं. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन अजिबात नको. पॅरासिटॅमॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत चालतं. काढे बंद. गुळवेलीमुळे लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले आहेत, आणि ज्याच्या लिव्हरमध्ये राखीव ताकदच उरलेली नाही त्याने हा धोका का घ्यावा? सिरोसिसचं मूळ कारणही एकदा पक्कं करा. दारू नाही म्हणजे चरबीचं लिव्हर असं धरून चालतात, पण हिपॅटायटिस बी आणि सी तपासले आहेत का? २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्यांची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

हे सगळं नीट करूनही दर दोन-तीन आठवड्यांनी सुई लागत असेल, किंवा क्रिएटिनिन वाढल्याने गोळ्याच देता येत नसतील, तर ते औषधांना न जुमानणारं पाणी. तुम्ही लिहिलेले दिवस, ३०, १८, १२, मला तिथेच नेतात. मीठ आणि गोळ्यांत अजून जागा असेल तर ती दोन आठवड्यांत कळेल, पण तोवर पुढची वाट धरायला थांबू नका. उपचारांत चूक क्वचित होते, उशीर मात्र सर्रास होतो. प्रत्येक सुई महिनाभर, पंधरवडाभर आराम देते आणि त्या आरामात घर विसावतं. मग एक दिवस रुग्ण इतका खंगतो की मोठ्या केंद्रातले डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांपूर्वी यायला हवं होतं. माझ्या मते दुसरी सुई लागली त्याच आठवड्यात प्रत्यारोपणाच्या केंद्राला पत्र जायला हवं. छातीत असं पाणी झालेल्या रुग्णांचं सरासरी आयुष्य प्रत्यारोपणाशिवाय वर्षाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. हे वाचायला कठीण आहे, मला माहीत आहे. पण तुमच्याकडे किती वेळ आहे हे तुम्हाला सांगितलं नाही तर तुम्ही तो वापरणार कसा? मेल्ड स्कोअर म्हणून एक आकडा तिथे काढतील, बिलिरुबिन (काविळीचा आकडा), आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियम यांवरून. तो कमी आला म्हणून निश्चिंत होऊ नका. छातीतल्या पाण्याचा धोका त्या आकड्यात पुरता उतरत नाही.

मोठ्या केंद्रात दोन वाटा असतात. पहिली टिप्स. मानेच्या शिरेतून आत जाऊन लिव्हरच्या आतच दोन शिरांच्या मध्ये जाळीची नळी बसवतात, म्हणजे तुंबलेल्या रक्ताला वाट मिळते आणि दाब उतरतो. नळी हा शब्द इथेही आला, पण ही नळी बाहेर काही काढत नाही; ती खाडीच उतरवते. साधारण चारपैकी तिघांचं पाणी थांबतं किंवा बरंच कमी होतं. पण जवळपास तिघांतल्या एकाला गुंगीचा, गोंधळाचा त्रास होतो, आणि लिव्हर फार थकलेलं असेल, कावीळ जास्त असेल, हृदय कमजोर असेल किंवा आधीच वारंवार गुंगी येत असेल तर टिप्सने माणूस आणखी खालावतो. म्हणून तीही वेळेत केली तरच उपयोगी.

दुसरी वाट प्रत्यारोपण. खरा इलाज तोच: कडक लिव्हर गेलं की दाब गेला, दाब गेला की पाणी गेलं. छातीत पाणी होतं म्हणून प्रत्यारोपणाचा निकाल काही वाईट येत नाही. आपल्या देशात बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत नातेवाईकाच्या लिव्हरच्या भागाने होतात. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या, २०११ मध्ये सुधारलेल्या कायद्याप्रमाणे पती-पत्नी, मुलं, आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक धरले जातात. दात्याचं उरलेलं लिव्हर काही महिन्यांत बरंचसं पूर्ववत वाढतं, पण ते मोठं ऑपरेशन आहे, त्यात धोका आहे, आणि तुम्ही एकुलते एक मुलगे आहात म्हणून तुमच्यावर ते आपोआप येत नाही. दात्याला नाही म्हणायचा हक्क आहे, आणि चांगलं केंद्र त्याची मर्जी त्याला एकांतात विचारतं. सोबतच मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव घाला. खर्चासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच भेटीत भेटा, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज त्यांच्याकडून समजून घ्या.

प्रत्यारोपण आणि टिप्स दोन्ही शक्य नाहीत असं निघालं, तर ठरावीक दिवशी, दम लागायच्या आधीच, जवळच्या रुग्णालयात सुईने पाणी काढत राहणं हा मला पटणारा मार्ग आहे. त्वचेखालून बसवायचा कायमचा कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, असतो, घरीच थोडं थोडं पाणी काढता येतं. जंतुसंसर्गाचा आणि प्रथिनं जाण्याचा धोका त्यातही आहे, म्हणून तो उरलेले दिवस सुसह्य करण्यासाठी, विचार करून. छातीचे पदर औषधाने चिकटवायचा उपाय आणि दुर्बिणीतून पडद्याची छिद्रं शिवायचं ऑपरेशन निवडक रुग्णांतच होतं. कुणी सहज सुचवलं तर किती रुग्णांत केलंय ते विचारा.

मुंबईला न्यायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दर वेळी इथेच अडतं. निघायच्या आदल्या दिवशी इथे पाणी काढून घ्या. महामार्गाने दहा-बारा तास गाडीत मुडपून बसवण्यापेक्षा कणकवलीहून रात्रीची गाडी, खालचा बर्थ, पाठीला उशा. सोबत आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, एका कागदावर प्रत्येक सुईची तारीख, किती लिटर निघालं आणि त्या दिवशीचं वजन. तो एक कागद तिथल्या डॉक्टरांना जाड फायलीपेक्षा जास्त सांगतो. गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळी, तुमच्या आईला मुंबईपेक्षा जवळ आहे. ताप किंवा रक्ताची उलटी झाली तर आधी कुठे न्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून आजच ठरवा आणि तो नंबर फ्रिजवर चिकटवा. परवा तुम्ही मुंबईत असताना आईला रात्री दोन वाजता हे ठरवायला लागू नये.

आणि वडिलांशी बोला. तुमच्या सगळ्या मजकुरात त्यांचं एकच वाक्य आहे, नळीचं. त्यांना पाणी कुठून येतं हे बहुधा कुणी सांगितलेलंच नाही. बंधाऱ्याची गोष्ट सांगा. ज्याने आयुष्यभर बाग सांभाळली, त्याला हे पाच मिनिटांत कळेल, आणि मग नळीचा हट्ट तेच सोडतील. प्रत्यारोपण हवं की नको, मुलाकडून घ्यायचं की नाही, यावर त्यांचं म्हणणं पहिलं ऐका.

बागेत जाता येईल का? येईल. पाणी काढल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसाला सगळ्यात मोकळं वाटतं, तो दिवस धरा. सकाळी ऊन चढायच्या आत, गाडी जाईल तिथपर्यंत गाडीने, पुढे खुर्ची. झाडावर चढणं नाही, शिडी नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असतात, साध्या खरचटण्याचंही रक्त लवकर थांबत नाही. पायात बंद बूट. फवारणीच्या दिवशी मात्र बागेत अजिबात नाही, ती दुसऱ्याने करायची आणि निदान दोन दिवस जाऊ द्यायचे. कुठल्या कलमाला आधी मोहोर फुटतो आणि कुठल्याला तुडतुडा लागतो हे त्यांनाच माहीत असणार. खुर्चीत बसून ते सांगतील, तुम्ही वहीत लिहून घ्या.